खसखस, खोकल्याचं औषध आणि काकूंची पिशवी: आखाती देशात फिरायला जाताना काय माहीत हवं?

दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाकडे निघालेल्या आईची बॅग कशी असते, हे वेगळं सांगायला नको. चकलीचा डबा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. दिवाळी जवळ असेल तर अनारसे. "तिकडे औषधं फार महाग असतात" म्हणून गोळ्यांच्या दोन-तीन पट्ट्या आणि खोकल्याची बाटली. आणि शेवटच्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या जावयासाठी आणून दिलेली, नीट चिकटपट्टी लावलेली पिशवी.

या बॅगेत तीन गोष्टी अशा आहेत ज्यांच्यामुळे विमानतळावर अडकायची वेळ येऊ शकते. अनारशांवरची खसखस, खोकल्याची बाटली आणि काकूंची पिशवी.

मुस्लिम देशात फिरायला जाताना काय काळजी घ्यायची, असं विचारलं की बहुतेक जण कपडे आणि दारू या दोनच गोष्टी सांगतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण माणसं खरी अडकतात ती आपल्याकडे अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टींमुळे. म्हणून या लेखात आपण बॅगेपासून सुरुवात करू, मग मोबाइलकडे येऊ आणि कपडे, रमजान, रीतीरिवाज हे सगळं त्यानंतर बघू.

मुंबईच्या जोडप्यासोबत काय झालं होतं?

जुलै २०१९ मधली गोष्ट. मुंबईचं एक तरुण जोडपं कतारची राजधानी दोहा इथे उतरलं. ही सहल त्यांना नात्यातल्याच एका महिलेने भेट म्हणून दिली होती. निघताना तिने एक पाकीटही दिलं आणि त्यात तंबाखू आहे, तिकडच्या ओळखीच्यांना द्यायची आहे, असं सांगितलं.

दोहाच्या विमानतळावर बॅग तपासली गेली. पाकिटात ४ किलोच्या आसपास चरस निघालं.

दोघांनाही १० वर्षांची शिक्षा झाली. पत्नी तेव्हा गरोदर होती. आई तुरुंगात असतानाच मुलीचा जन्म झाला. इकडे भारतात घरच्यांनी धावाधाव केली, तक्रारी केल्या, नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने तपास केला आणि या दोघांना फसवून त्यांच्या हाती माल दिला गेल्याचं समोर आलं. पुढे कतारच्या वरच्या न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितला. मार्च २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये बाळाला घेऊन मुंबईत परतले.

म्हणजे गुन्हा केलेला नसताना पावणेदोन वर्षं गेली. आणि हे नशीबवान म्हणायचे, कारण त्यांच्या बाजूने पुरावे मिळाले आणि दोन्ही देशांच्या यंत्रणा हलल्या. प्रत्येकाच्या बाबतीत असं होतंच असं नाही.

या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि ते सिद्ध होईपर्यंत तुम्ही आत असता.

सगळ्या मुस्लिम देशांत एकच कायदा असतो का?

नाही. 'मुस्लिम देश' असं आपण सरसकट म्हणतो, पण कायद्याच्या बाबतीत हे देश एकमेकांपासून खूप वेगळे आहेत.

तुर्कस्तानची राज्यघटना धर्मनिरपेक्ष आहे. तिथे दारू दुकानात मिळते, कपड्यांवर सरकारी बंधन नाही. पण तिथे वेगळाच एक कायदा आहे. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांचा अपमान करणं हा १९५१ पासून गुन्हा आहे. त्यांच्या पुतळ्यासमोर चेष्टेचा रील बनवणं महागात पडू शकतं.

इराणमध्ये सार्वजनिक ठिकाणी डोकं झाकण्याचा कायदा परदेशी महिलांनाही लागू आहे. सौदी अरेबियात पर्यटक महिलांना अबाया घालायची सक्ती नाही, पण अंग झाकणारे सैलसर कपडे अपेक्षित असतात. सौदीने सर्वसाधारण पर्यटकांसाठी व्हिसा सुरू केला तोच मुळी सप्टेंबर २०१९ मध्ये. मक्का शहरात मात्र मुस्लिमेतरांना आजही प्रवेश नाही.

मालदीवमध्ये तर एकाच देशात दोन प्रकारचे नियम आहेत. रिसॉर्टच्या बेटावर दारू मिळते, बिकिनी चालते. पण स्थानिक लोक राहतात त्या बेटांवर दारू नाही आणि बिकिनीसाठी ठरवून दिलेला वेगळा किनारा असतो. स्वस्त पडतं म्हणून स्थानिक बेटावरच्या गेस्ट हाउसमध्ये राहणाऱ्यांनी हे आधीच बघावं. मालदीवचा आणखी एक नियम आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. पूजेसाठीच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत. घरातली छोटी गणपतीची मूर्ती बॅगेत ठेवायची सवय असेल तर ती इथे घरीच राहू द्या.

इंडोनेशिया हा जगातल्या सर्वात मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक. पण त्यातलं बाली हे बेट हिंदूबहुल आहे. तिथे 'न्येपी' नावाचा हिंदू सण असतो, मौन पाळण्याचा. त्या दिवशी २४ तास विमानतळसुद्धा बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. म्हणजे मुस्लिमबहुल देशात हिंदू परंपरेमुळे पर्यटकांना खोलीत बसावं लागतं. त्याच देशाच्या आचे प्रांतात मात्र शरिया कायदा लागू आहे.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, सात अमिराती आहेत. दुबईत परवाना असलेल्या हॉटेलांत आणि बारमध्ये २१ वर्षांवरच्यांना दारू मिळते. तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरच्या शारजात पूर्ण दारूबंदी आहे. आपल्याला हे समजायला अवघड नाही. चंद्रपूरमधून गडचिरोलीत शिरलं की नियम बदलतो, तसंच.

म्हणून प्रश्न "मुस्लिम देशात काय चालतं?" असा नसतोच. कोणता देश, कोणतं शहर आणि कोणत्या महिन्यात, हे विचारायला हवं.

बॅगेत काय असू नये?

आता पुन्हा आईच्या बॅगेकडे येऊ.

खसखस: खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि खसखस किराणा दुकानात मिळते. यूएई, सौदी अरेबिया आणि कतारमध्ये मात्र ती नेता येत नाही, कारण तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सिंगापूरमध्येही खसखशीवर बंधन आहे, त्यामुळे याचा धर्माशी संबंध जोडायचं कारण नाही. अनारसे, खसखस घातलेले लाडू, काही घरांतला गोडा मसाला, बेकरीतले वर बी लावलेले पाव हे सगळं यात येतं. मसाला न्यायचा असेल तर खसखस न घालता केलेला न्या किंवा तिकडेच विकत घ्या. दुबईत भारतीय किराणा मालाची कमी नाही.

औषधं: आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी बरीच औषधं आखाती देशांत नियंत्रित यादीत आहेत. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या. यूएईत अशी औषधं न्यायची असतील तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि औषध मूळ वेष्टनात हवं. गोळ्या काढून छोट्या डबीत भरण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही, कारण त्या डबीत काय आहे हे अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

हे किती गंभीर होऊ शकतं? ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका महिलेला इजिप्तच्या विमानतळावर २९० ट्रामाडॉल गोळ्यांसह पकडलं. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी गोळ्या आणल्याचं तिचं म्हणणं होतं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. एक वर्षाहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर जानेवारी २०१९ मध्ये ती सुटली.

विडा, पान आणि व्हेप: विड्याची पानं आणि पानाचे पदार्थ यूएईत नेता येत नाहीत. ई-सिगारेट यूएईत चालते, पण कतार आणि मालदीवमध्ये ती नेण्यावर बंदी आहे. तसंही ई-सिगारेटवर भारतातच २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे ती आपल्या बॅगेत असायलाच नको.

दुसऱ्याचं सामान: मुंबईच्या जोडप्याची गोष्ट वर वाचलीतच. काकूंना नाही म्हणणं जिवावर येतं, हे मान्य. मग किमान पिशवी त्यांच्यासमोर उघडा, एकेक वस्तू बघा आणि बॅग स्वतः भरा. राग आलाच तर काकूंचा राग चार दिवसांत जातो. आणि विमानतळावर अनोळखी माणसाने "एवढी एक बॅग तुमच्या वजनात घ्या ना" म्हटलं तर उत्तर एकच, नाही.

आणखी एक मुद्दा अमेरिका-युरोपला जाणाऱ्यांसाठी. दुबई, अबुधाबी किंवा दोहा इथे फक्त विमान बदलायचं असलं तरी तिथला कायदा तुम्हाला लागू असतो. शिवाय यूएईत अमली पदार्थ खिशात नसला आणि फक्त रक्तात किंवा लघवीत सापडला तरी तो गुन्हा धरला जातो. दुसऱ्या देशात गांजा कायदेशीर आहे म्हणून तिथे ओढून दुबईमार्गे परत येणं हा धोका आहे.

मोबाइलमुळे कसं अडकायला होतं?

आपल्या पिढीसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. यूएईचा नवा सायबर कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि तो कडक आहे.

पहिली गोष्ट, फोटो. एखाद्याचा त्याच्या परवानगीशिवाय फोटो काढून खासगीपणाचा भंग केला तर किमान सहा महिने कैद, दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघाताचे व्हिडिओ काढून टाकणंही यात येतं. बुरख्यातल्या बायकांचे, अनोळखी कुटुंबांचे फोटो तर अजिबात काढू नका. विमानतळाची सुरक्षा, लष्करी ठिकाणं, राजवाडे यांचेही नाही.

दुसरी गोष्ट, शिवीगाळ. ऑनलाइन कुणाचा अपमान केला तर कैद किंवा अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड होऊ शकतो. रुपयांत हा आकडा अर्ध्या कोटीच्या वर जातो. आणि 'ऑनलाइन' म्हणजे फक्त इन्स्टाग्रामची कमेंट नाही, व्हॉट्सॲपवरचा खासगी मेसेजही त्यात येतो. गाडी चालवताना मधलं बोट दाखवणं हासुद्धा तिथे गुन्हा आहे, फक्त वाईट वागणं नाही.

तिसरी गोष्ट, फॉरवर्ड. अफवा किंवा खोटी बातमी पसरवली तर किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दिरहम दंड आहे. "आला तसा पुढे पाठवला" ही सबब तिथे चालेलच असं नाही.

चौथी गोष्ट आपल्याला चटकन लक्षात येत नाही. मदतीचं आवाहन. परवाना नसलेल्या संस्थेसाठी किंवा व्यक्तीसाठी पैसे गोळा करणं यूएईत बेकायदेशीर आहे. २०१६ मध्ये दुबईत राहणाऱ्या एका ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन नागरिकाला अशाच कारणासाठी अटक झाली होती. त्याने अफगाण निर्वासितांना मदत करणाऱ्या उपक्रमाची लिंक फेसबुकवर शेअर केली होती. हेतू चांगला होता, तरीही काही आठवडे कोठडीत काढावे लागले.

पाचवी गोष्ट, धर्माबद्दलच्या पोस्ट. कोणत्याही धर्माचा अपमान आणि द्वेष पसरवणाऱ्या मजकुराविरुद्ध यूएईत २०१५ पासून स्वतंत्र कायदा आहे. एप्रिल २०२०, म्हणजे कोरोनाच्या काळात, मुस्लिमांविरुद्ध पोस्ट टाकणाऱ्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा यूएईतले भारताचे राजदूत पवन कपूर यांनी स्वतः ट्विट करून तिथल्या भारतीयांना भेदभाव हा कायद्याच्या विरुद्ध आहे याची आठवण करून दिली होती. तुम्ही पोस्ट टाकून विसरता, पण ती तुमच्या नावावर तशीच राहते.

व्हॉट्सॲप कॉलचंही सांगायला हवं. यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल सहसा लागत नाहीत. त्यासाठी बॉटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. यावर उपाय म्हणून अनेक जण व्हीपीएन सुचवतात. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला तर दंड पाच लाखांपासून २० लाख दिरहमपर्यंत जाऊ शकतो. घरी पोहोचल्याचं सांगायला मेसेज पुरेसा आहे.

जोडप्यांसाठी काय नियम आहेत?

यूएईने नोव्हेंबर २०२० मध्ये बरेच कायदे सैल केले. लग्न न झालेल्या जोडप्याने एकत्र राहणं तिथे आता गुन्हा नाही. पण याचा अर्थ सगळीकडे सगळं चालतं असा होत नाही. शेजारच्या इतर देशांत हा बदल झालेला नाही. समलैंगिक संबंध यूएई, सौदी आणि कतार तिन्हीकडे गुन्हा आहेत.

सार्वजनिक ठिकाणी प्रेम दाखवण्याबद्दल नियम साधा आहे. नवरा-बायकोने हात धरला तर सहसा कुणी काही म्हणत नाही. मिठ्या आणि चुंबन नको. २०१० मध्ये दुबईतल्या रेस्टॉरंटमध्ये चुंबन घेतल्याच्या तक्रारीवरून एका ब्रिटिश जोडीला एक महिन्याची शिक्षा झाली होती. गालावर साधा पापा घेतला, असं त्यांचं म्हणणं होतं. तक्रार शेजारच्या टेबलावरून आली होती. हे महत्त्वाचं आहे. पोलीस तुमच्यावर नजर ठेवून नसतात, पण आजूबाजूच्या कुणी तक्रार केली की प्रकरण पोलिसांकडे जातं.

कपड्यांचंही तसंच. दुबईच्या मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत अशा सूचना असतात. समुद्रकिनाऱ्यावर पोहण्याचे कपडे चालतात, पण त्याच कपड्यांत रस्ता ओलांडून दुकानात जाणं चालत नाही. आपल्याकडेही अनेक देवळांबाहेर हल्ली कपड्यांच्या सूचनांचे फलक दिसतात, त्यामुळे कल्पना नवीन नाही.

अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत सगळ्या धर्मांच्या लोकांना प्रवेश आहे. महिलांनी डोकं, हात आणि पाय झाकायचे, पुरुषांनी हाफ पॅन्ट घालायची नाही. आत फोटो काढता येतात, पण फॅशनच्या पोझ देऊन नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये गायिका रिहानाला याच मशिदीच्या आवारातून निघून जायला सांगितलं होतं. तिने अंगभर काळे कपडे घातले होते. आक्षेप होता तो परवानगीशिवाय केलेल्या फोटोशूटवर.

रमजानमध्ये जावं का?

जरूर जा. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी गजबजणारे रस्ते आणि खाद्यपदार्थ बघण्यासारखे असतात. फक्त दिवसाचे नियम वेगळे असतात.

रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तारखा बघा. कुवेतमध्ये रोजाच्या वेळेत सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं हा १९६८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. १०० दिनारपर्यंत दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. यात पाणी पिणं आणि सिगारेट ओढणंही आलं. दुबईत वातावरण बरंच मोकळं आहे. २०२१ पासून रेस्टॉरंटना दिवसा पडदे लावण्याची सक्ती राहिलेली नाही. तरीही समोर उपाशी-तहानलेला टॅक्सीवाला गाडी चालवतोय आणि मागे आपण वेफर्सचं पाकीट फोडतोय, हे बरं दिसत नाही. त्यासाठी कायद्याची गरज नाही.

कायदा वेगळा, रीत वेगळी

आतापर्यंतचं बहुतेक कायद्याबद्दल झालं. तो मोडला तर दंड, तुरुंग किंवा देशाबाहेर पाठवणी. रीत मोडली तर शिक्षा होत नाही, समोरचा माणूस फक्त गप्प होतो. पण फिरायला जाऊन माणसंच दुरावली तर मग पाहिलं काय?

चांगली गोष्ट अशी की यातल्या बऱ्याच रीती मराठी माणसाला शिकवाव्या लागत नाहीत. देणं-घेणं आणि खाणं उजव्या हाताने. आपण प्रसाद डाव्या हातात घेत नाही, तसंच. घरात आणि मशिदीत शिरताना चपला बाहेर. मोठ्यांसमोर पाय पसरून तळवे त्यांच्याकडे करायचे नाहीत.

बाईशी हस्तांदोलनासाठी पुरुषाने आपणहून हात पुढे करू नये. तिने केला तर ठीक. नाहीतर छातीवर हात ठेवून मान किंचित झुकवली की झालं. आपल्या नमस्कारासारखंच हे, दुरून आणि आदराने. पुरुषांशी बोलताना महिलांनीही हेच करावं.

घरी बोलावलं तर छोट्या, कान नसलेल्या कपातून अरबी कॉफी मिळेल. कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. पुन्हा भरतो. आता पुरे, हे तोंडाने न सांगता कप हातात धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा. हे ठाऊक नसेल तर रात्रभर झोप येणार नाही.

आणि मेट्रोत बसताना पाटी वाचा. दुबई मेट्रोत महिला आणि मुलांसाठी राखीव डबा असतो. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नकोच. तिथे चुकून शिरलेल्या पुरुषाला १०० दिरहम दंड आहे. डब्यात खाणं-पिणं किंवा च्युइंगगम चघळण्यालाही तेवढाच. चुकीच्या जागी रस्ता ओलांडला तर ४०० दिरहम.

अडकलोच तर दूतावास सोडवतो का?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. दूतावास किंवा वाणिज्य दूतावास तुम्हाला सोडवू शकत नाही.

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधायचा हक्क आहे. अटक झाली तर पहिल्यांदा हेच मागा, शांतपणे. दूतावासाचे अधिकारी भेटायला येऊ शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात, घरच्यांना कळवू शकतात, तुम्हाला नीट वागवलं जातंय का हे पाहू शकतात. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पण तिथलं न्यायालय, तिथला कायदा आणि तिथली शिक्षा यांत दूतावास हात घालू शकत नाही.

आणखी एक. अरबीत लिहिलेल्या कागदावर तो समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. दुभाषा मागा.

निघण्याआधी एवढं तपासा

१. त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाच्या वेबसाइटवरची बंदी असलेल्या वस्तूंची यादी.
२. तुमच्या औषधांमधले घटक, ब्रँडचं नाव नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असतात.
३. बॅगेत खसखस, पान, व्हेप आणि दुसऱ्याने दिलेलं बंद पाकीट नाही ना.
४. तुम्ही जाताय ते शहर किंवा बेट, फक्त देश नाही. दुबई आणि शारजा वेगळे आहेत.
५. रमजानच्या तारखा.
६. भारतीय दूतावासाचा नंबर, मोबाइलमध्ये आणि कागदावरही.
७. जुने व्हिडिओ आणि पोस्ट बघून निश्चिंत होऊ नका. या देशांतले कायदे भराभर बदलतात, कधी सैल होतात तर कधी कडक.

यादी वाचून कुणाला वाटेल, एवढी बंधनं असतील तर जायचंच कशाला? दरवर्षी लाखो भारतीय दुबईला जातात, बुर्ज खलिफाचे फोटो काढतात, खजूर घेऊन परत येतात आणि त्यांना काहीही होत नाही. यूएईत २०२२ मध्ये जेबेल अलीचं मोठं हिंदू मंदिर उघडलं, २०२४ मध्ये अबुधाबीत दुसरं. भीती बाळगायचं कारण नाही, फक्त माहिती काढून जायचं.

आणि हे फक्त तिकडेच होतं असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला थांबवलं होतं. तिच्याकडे उपग्रहाद्वारे मेसेज पाठवणारं एक छोटं यंत्र होतं. डोंगरात धावणाऱ्यांकडे जगभर ते असतं, जीव वाचवायला उपयोगी पडतं म्हणून. भारतात मात्र परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांनुसार. तिला हे माहीत नव्हतं. तिची सुट्टी पोलीस, कोर्ट आणि दंडात गेली.

ती बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांनी म्हटलं असेल, "येण्याआधी जरा बघायला नको का?" तेच वाक्य पुढची बॅग भरताना स्वतःला म्हणायचं.